साडेतीन शक्तिपीठं, सहा दिवस आणि एकच गोष्ट

आधी हिशेब देतो, ती जुनी खोड आहे. माणशी 14,500 रुपये, पाच रात्री सहा दिवस, पुण्यातून निघून पुण्यात परत. कोल्हापूर, तुळजापूर, माहूर आणि वणीची सप्तशृंगी. पुशबॅक सीटची गाडी, प्रवासी 34, ड्रायव्हर एक, क्लीनर एक, माइकवाला पोरगा एक. आम्ही तिघं होतो: मी, ही आणि हिची धाकटी बहीण. मी एस.टी.त 31 वर्षं कंडक्टर होतो, बार्शी आणि सोलापूर डेपोला, त्यामुळे गाडी सुटायच्या आधी माझ्या डोक्यात वेबिल, म्हणजे माणसांच्या आणि तिकिटांच्या हिशेबाचा कागद, तयार असतं. पहिल्या दिवशी स्वारगेटला मी मनातल्या मनात माणसं मोजली तर 33 भरली. पोरगा म्हणाला, "काका, सगळे आलेत." म्हटलं, परत मोज. एक आजोबा चहा प्यायला गेले होते.

कंपनीचं नाव लिहीत नाही. बुकिंग भाच्याने करून दिलं, त्याचे तिथे संबंध आहेत आणि "मामा, लिहा काय लिहायचं ते, पण नाव नको" अशी अट त्याने घातलेली आहे. शब्द दिला म्हणजे दिला. तशाही या टूर सगळ्या सारख्याच असतात, माहितीपत्रकावरचा देवीचा फोटो तेवढा वेगळा.

पाचपैकी तीन तारे. आता का ते सांगतो.

गाडी चांगली होती. ड्रायव्हर तर फारच चांगला, बीडकडचा, घाटात हात हलका आणि गिअर वेळेवर. माणसाला फुल मार्क. राहायच्या जागा स्वच्छ, गरम पाणी सकाळी पाचला. जेवणाचं मात्र काय सांगावं! कोल्हापुरात मटार-पनीर, सोलापुरात मटार-पनीर, नांदेडला पनीर-मटार. अरे, सोलापुरात गाडी थांबते आणि ताटात कडक भाकरी नाही, शेंगा चटणी नाही? मी ती बाहेरून आणली, गाडीत वाटली. माहूरच्या रात्री हिनेच खानावळीच्या बाईंना सांगून पिठलं-भाकरी करून घेतली, त्या रात्री 34 जणांपैकी 34 जण पोटभर जेवले.

पण पनीरसाठी मी दोन तारे कापले नाहीत.

माइकवाला पोरगा मुलगा म्हणून गोड होता. सगळ्यांना काका-काकू, म्हाताऱ्यांच्या पिशव्या उचलायला पुढे. पण त्याला कंपनीने एक कागद पाठ करायला दिलेला होता. कात्रजचा बोगदा ओलांडला आणि त्याने सुरुवात केली. दक्षाने यज्ञ केला, शंकराला बोलावलं नाही, सतीने यज्ञकुंडात देह टाकला, शंकर ते कलेवर खांद्यावर घेऊन त्रैलोक्यात फिरू लागले, विष्णूने सुदर्शनाने त्याचे तुकडे केले, 51 ठिकाणी पडले, ती 51 शक्तिपीठं. कोल्हापूरला डोळे पडले. छान सांगितलं, आवाजही चढवला. दुसऱ्या दिवशी सोलापूर सोडल्यावर तीच गोष्ट. तिसऱ्या दिवशी नांदेड सोडल्यावर तीच, माहूरला उजवा हात पडला. आणि पाचव्या दिवशी वणीला जातानाही तीच, तिथेही उजवा हात. मी मागून विचारलं, "बाळा, एकाच सीटवर दोन रिझर्वेशन कशी रे?" गाडी हसली, तोही हसला. पण त्याच्याकडे दुसरी गोष्टच नव्हती, हा त्याचा दोष नाही.

सतीची कथा खोटी आहे असं मी म्हणत नाही, माझी ती लायकीही नाही. पुराणात आहे, कामाख्येला आहे, ज्वालामुखीला आहे. पण आपल्या या चार ठिकाणी जी गोष्ट देवळाच्या पायरीवर बसलेली फुलवाली सांगते, गोंधळी सांगतो, पुजारी सांगतो, ती ही नाही. आणि टूरचे पैसे घेऊन तुम्ही मला त्याच पायरीपर्यंत नेता आणि गोष्ट मात्र दुसरीकडची ऐकवता.

कोल्हापूरपासून धरू. अकराला पोचलो, पोरग्याने सांगितलं, दोन तासांत दर्शन, मग जेवण, चारला गाडी सुटणार. दर्शन झालं. काळ्या पाषाणाची मूर्ती, हातात म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र. बाहेर येऊन ही ओटीचं सामान घेतलं त्या फुलवालीशी बोलत बसली. ती बाई म्हणाली, "टेंबलाईला जाऊन आलाय का न्हाई?" आम्ही म्हटलं, ते कार्यक्रमात नाही. ती म्हणाली, "मग ती रुसंल की."

मग तिने सांगितलं ते असं. कोल्हासुर नावाचा दैत्य, त्याला अंबाबाईने मारला. मरताना त्याने मागितलं की या गावाला माझं नाव राहू दे, म्हणून कोल्हापूर. (मारणारीने मरणाऱ्याचं नाव गावाला दिलं, हे मला फार आवडलं. एवढ्या मोठ्या मनाचे कंट्रोलर मी डेपोत पाहिले नाहीत.) त्या कोल्हासुराचा मुलगा कामाक्ष. त्याने बापाचा सूड म्हणून योगदंड फिरवून देवीसकट सगळ्या देवांना शेळ्या-मेंढ्या करून टाकलं. तेव्हा त्र्यंबोलीने, म्हणजेच टेंबलाईने, युक्तीने तो दंड काढून घेतला, कामाक्षाला मारलं, सगळ्यांना परत मूळ रूपात आणलं. मग विजयाचा मोठा उत्सव झाला आणि त्या गडबडीत त्र्यंबोलीलाच बोलावणं गेलं नाही. ती जी रुसली ती गावाबाहेरच्या टेकडीवर जाऊन बसली, कोल्हापूरकडे पाठ करून. शेवटी अंबाबाई स्वतः लवाजमा घेऊन तिची समजूत काढायला गेली. अजून जाते. नवरात्रात ललिता पंचमीला पालखी टेंबलाईच्या टेकडीवर जाते, तिथे कुमारिकेच्या हातून कोहळा फोडतात आणि त्या कोहळ्याच्या फोडीसाठी लोकांची झुंबड उडते.

आता सांगा, घरच्या लग्नात एखादीला आमंत्रण द्यायचं राहिलं आणि ती आयुष्यभर बोलली नाही, असं कुणाच्या घरात घडलेलं नाही? माझी मेव्हणी ऐकता ऐकता हसायला लागली, कारण आमच्याकडे 1994 साली नेमकं हेच झालंय आणि ती पाठ करून बसलेली बाई म्हणजे तीच.

आणि खरी चीड यायची गोष्ट पुढे आहे. आम्ही गेलो ती तारीख होती 2 फेब्रुवारी. फुलवालीनेच सांगितलं, "आज किरणोत्सव हाय, थांबा की." देऊळ पश्चिमेला तोंड करून आहे. वर्षातून दोनदा, नोव्हेंबरात 9, 10, 11 आणि मग 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारी, मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यापर्यंत येतात. पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर, अर्थात ढग किंवा धुकं आडवं आलं नाही तर. म्हणजे आम्ही बरोब्बर तिसऱ्या दिवशी तिथे होतो! मी पळत गाडीपाशी गेलो, पोरग्याला सांगितलं, अडीच तास थांबू. त्याने ऑफिसला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, शेड्यूलमध्ये नाही, सोलापूरला हॉटेलचं जेवण साडेनऊपर्यंतच आहे. चारला बेल दिली आणि आम्ही निघालो. मिरज, सांगोला, मंगळवेढा. सांगोल्याच्या अलीकडे खिडकीतून सूर्य मावळताना दिसला, गाडीत कुणी काही बोललं नाही. सोलापूरला पोचल्यावर ताटात काय होतं ते वर लिहिलंच आहे.

हा एक तारा गेला. तारखा दरवर्षी त्याच असतात हो. ज्याचा धंदाच देवदर्शनाचा आहे त्याच्या भिंतीवर निदान एवढं कॅलेंडर हवं.

दुसऱ्या दिवशी तुळजापूर, आणि वार कोणता? मंगळवार. मंगळवारी, शुक्रवारी आणि पौर्णिमेला तुळजापूरला काय असतं हे सोलापूर डिव्हिजनच्या कुठल्याही शिकाऊ कंडक्टरला विचारा. साडेपाच तास रांग. रांगेबद्दल तक्रार नाही, ती भक्तांची आहे, मीही त्यातलाच. तक्रार वार निवडणाऱ्याबद्दल आहे.

पण खरं सांगू, त्या साडेपाच तासांचं मला वाईट वाटलं नाही. माझी कुलस्वामिनी ती. आणि नोकरीच्या 31 वर्षांत तुळजापूरला मी किती वेळा गेलो असेन याची मोजदाद नाही, पण देवळात उतरलो ते सात-आठ वेळाच. नवरात्रात आणि कोजागरीला जादा गाड्यांच्या ड्यूटीवर तीनतीन दिवस स्टँडवरच असायचो. कोजागरीला सोलापूरकडून, कर्नाटकातून माणसं रात्रभर अनवाणी चालत येतात, तो रस्ता म्हणजे माणसांची नदी, आणि परतीला सगळ्यांना गाडी हवी. डबल बेल मारायला हात वर जायचा नाही इतकी गर्दी. तिथूनच हात जोडायचे आणि तिकीट फाडायचं.

त्या गाड्यांतच मला तुळजापूरची गोष्ट कळली, गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी घेतलेल्या आराधिणींकडून. एक म्हातारी दर वर्षी वैरागला चढायची आणि दर वर्षी मला तीच गोष्ट नव्याने सांगायची. कर्दम ऋषी वारले. त्यांची बायको अनुभूती, पदरात लहान पोर. सती जायची होती, पण पोरासाठी थांबली आणि मंदाकिनीच्या काठी तप करत बसली. कुकुर नावाच्या दैत्याची नजर तिच्यावर गेली. त्याने तिला हात लावला तशी तिची समाधी मोडली आणि तिने देवीला हाक मारली. देवी त्वरेने आली, म्हणून ती त्वरिता. त्वरिताची तुरजा झाली, तुरजाची तुळजा. कुकुराने रेड्याचं रूप घेतलं, देवीने त्याला मारलं आणि अनुभूतीच्या विनंतीवरून या यमुनाचलावर, बालाघाटाच्या डोंगरात, कायमची राहिली.

"एकल्या बाईनं हाक मारली आणि ती पळत आली बघ," म्हातारी म्हणायची, "म्हणून आम्ही बी पळत येतो." वेळेवर येणं हेच जिचं नाव आहे ती देवी, आणि तिच्या दारात लेट झालेल्या गाड्यांचा कंडक्टर मी.

माहूरला आणि वणीला देवीला भेटायला चढावं लागतं, तुळजापूरला पायऱ्या उतराव्या लागतात. वाटेत कल्लोळ तीर्थ, गोमुख तीर्थ, मग खाली देऊळ. आणखी एक गोष्ट इथली, जी पोरग्याच्या कागदावर यायला हरकत नव्हती: ही मूर्ती चल आहे. अष्टभुजा, गंडकी शिळेची, पण जागेवरून हलवता येणारी. वर्षातून तीन वेळा देवीला सिंहासनावरून उतरवून पलंगावर निजवतात. नवरात्राआधी घोरनिद्रा, दसऱ्यानंतर श्रमनिद्रा, शाकंभरी नवरात्राआधी मोहनिद्रा. दसऱ्याच्या पहाटे पालखीतून सीमोल्लंघन होतं, ती पालखी येते बुऱ्हाणनगरहून, नगरच्या शेजारून, आणि पलंग येतो घोडेगावकडून, वाटेत गावोगाव मुक्काम करत. नऊ दिवस महिषासुराशी लढून झालं की आई दमली, तिला पौर्णिमेपर्यंत निजू द्या, हा जो विचार आहे ना, तो कुठल्याही ड्यूटीवाल्या माणसाला बरोब्बर कळतो. सतीच्या देहाच्या तुकड्याला कशाला पलंग लागेल?

रांगेत हे मी मेव्हणीला सांगत होतो तर पुढचे-मागचे आठ-दहा जण ऐकायला लागले. त्यात पोरगाही होता. म्हणाला, "काका, हे मला लिहून द्या ना." दिलं, तिकिटाच्या मागे लिहावं तसं, बारीक अक्षरात.

निघायला संध्याकाळचे पाच वाजले. औसा, लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेडला पोचलो तेव्हा साडेदहा होऊन गेले होते. एकच ड्रायव्हर, त्यामुळे शेवटचे दोन तास मी केबिनमध्ये त्याच्याशी गप्पा मारत बसलो. लांबच्या पल्ल्याला दोन ड्रायव्हर द्या, एवढं तरी ऐका. पनीर कमी करा, पण ड्रायव्हर दोन द्या.

आता माहूर. यासाठीच खरं म्हणजे मी लिहायला बसलो.

हिचं माहेर उमरखेडचं. माहूरची रेणुका त्यांची कुलदैवत. लग्नाला 38 वर्षं झाली, त्यात आमची माहूरला चार-पाचदाच खेप झाली, कारण माझी सुट्टी म्हणजे डेपोच्या मर्जीची. सकाळी नांदेड सोडलं, अर्धापूर, हदगाव, आणि उमरखेड मागे गेलं तशी ही गप्प झाली. पोरग्याने परत माइक घेतला. "तर मंडळी, दक्षाने यज्ञ केला..."

ही उठली. चालत्या गाडीत, दांड्याला धरून पुढे गेली आणि म्हणाली, "बाळा, दे तो इकडे." मी 38 वर्षांत हिला चार माणसांत मोठ्याने बोलताना पाहिलेलं नाही.

हिने सांगितलं ते हिच्या आईने जात्यावर सांगितलेलं. रेणुका जमदग्नींची बायको. तिचं पातिव्रत्य असं की रोज नदीवर जायची, ओल्या वाळूचा घडा करायची, नागाची चुंबळ करून त्यावर घडा ठेवून पाणी आणायची. एक दिवस गंधर्वराज आपल्या बायकांबरोबर पाण्यात खेळताना तिला दिसला. क्षणभर मन तिकडे गेलं, बस एवढंच. वाळूचा घडा बनेना, नाग निघून गेला. ती रिकाम्या हाताने परत आली आणि जमदग्नींनी ओळखलं. मुलांना म्हणाले, हिचं डोकं उडवा. थोरल्यांनी नकार दिला. परशुरामाने परशू उचलला आणि आईचं मस्तक उडवलं. बाप खूश झाला, वर माग म्हणाला. परशुरामाने मागितलं, आई जिवंत होऊ दे, आणि जे झालं ते तिच्या आठवणीत राहू नये.

इथे ही थांबली. म्हणाली, "माझी आई म्हणायची, तिच्या आठवणीत राहिलं नाही, पण त्याच्या राहिलं असेल ना."

गाडीत आवाज फक्त इंजिनाचा.

मग पुढे. सहस्रार्जुनाने कामधेनूसाठी जमदग्नींना मारलं. रेणुकेच्या अंगावर 21 घाव झाले, म्हणून परशुरामाने 21 वेळा पृथ्वी नि:क्षत्रिय केली. वडिलांचे अंत्यसंस्कार कोऱ्या भूमीवर व्हायला हवे होते. त्याने कावड केली, एका पारड्यात वडिलांचं कलेवर, दुसऱ्यात आई, आणि अशी कोरी जागा शोधत तो माहूरला आला. तिथे दत्तात्रेयांनी आचार्य होऊन सगळे विधी केले. त्याने बाण मारून पाणी काढलं, तेच मातृतीर्थ. रेणुका तिथेच सती गेली.

सगळं झालं आणि परशुरामाला आईची आठवण यायला लागली. तो रडत हिंडू लागला. आकाशवाणी झाली, तुझी आई जमिनीतून वर येईल, पण मागे वळून पाहू नकोस. तो थांबला. आणि मग राहवलं नाही, वळून पाहिलं. तोवर आईचं फक्त मुख वर आलं होतं. तेवढंच राहिलं.

माहूरला मूर्ती नाही, तांदळा आहे. नुसतं भव्य मुख, शेंदराने माखलेलं, मळवट भरलेला, तोंडात विडा. माझ्या मनात आजवर हा तांदळा म्हणजे अर्धवट मूर्ती असंच होतं. हिच्या तोंडून ऐकून पायऱ्या चढलो आणि समोर उभा राहिलो तेव्हा पहिल्यांदा वाटलं, हे मुख आत्ता वर येतंय, अजून येतंय, कुणी हाक मारली म्हणून. हिच्या आईला जाऊन या चैत्रात तीन वर्षं होतील. हिने ओटी भरली, खाली येऊन तांबूल घेतला. माहूरचा प्रसाद म्हणजे कुटलेला विडा, दगडी खलात ठोकून देतात, तोंड लालभडक होतं. तोंड लाल करून ही पायरीवर बसली आणि मग रडली. मी शेजारी बसलो. पोरगा पाण्याची बाटली घेऊन आला आणि लांब उभा राहिला. शहाणा आहे तो.

माहूरला एक तेलंगणातली मंडळी भेटली, आदिलाबादकडची, त्यांचीही गाडी होती. त्यांच्यातले एक गृहस्थ मोडक्या हिंदीत म्हणाले, आमच्यात 51 नाही, 18 शक्तिपीठं म्हणतात, आणि त्यांनी संस्कृत श्लोक म्हणून दाखवला. त्यात 'कोल्हापुरे महालक्ष्मी' आहे आणि माहूरची एकवीरा आहे. म्हटलं, तुळजापूर? नाही. सप्तशृंगी? नाही. म्हणजे प्रत्येकाची यादी वेगळी. आपल्याकडे मात्र हिशेब साडेतीनचा. आणि मला हा अर्धा आकडा लहानपणापासून छळत आलाय. अर्धं म्हणजे काय? कोण कमी पडलं?

पोरग्याला विचारलं तर म्हणाला, "ते तसंच आहे, काका."

चौथा दिवस अख्खा रस्त्यात गेला. पुसद, वाशीम, मेहकर, सिंदखेडराजा, जालना, रात्री छत्रपती संभाजीनगर. जिजाऊंच्या जन्मगावातून गाडी न थांबता गेली याची नोंद करून ठेवतो आणि पुढे जातो.

पाचव्या दिवशी दुपारी नांदुरीचा घाट चढून गडावर. इथे पायऱ्या पाचशेच्या आसपास, पण आमच्यातल्या पाच-सहा जणांचे गुडघे गेलेले. 2018 पासून तिथे फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, रुळांवरून तिरकी वर जाणारी. काही मिनिटांत वर. म्हाताऱ्यांनी बिनघोर जावं. ज्या आजोबांना पहिल्या दिवशी मी मोजणीत गाठलं होतं ते ट्रॉलीत लहान मुलासारखे खिडकीला चिकटून होते.

वरची मूर्ती कड्यात कोरलेली, आठेक फूट उंच आणि 18 हात. पूर्वी शेंदराचा जाड थर होता, तो 2022 साली काढला. त्याआधी ज्यांनी पाहिलंय त्यांनी पुन्हा जावं, कारण आता नाकडोळे, दागिने, आयुधं स्पष्ट दिसतात. मी सवयीने मोजायला लागलो. सप्तशतीत सांगितलंय की महिषासुराला मारायला प्रत्येक देवाने आपलं काहीतरी दिलं: शंकराने त्रिशूळ, विष्णूने चक्र, वरुणाने शंख, वायूने धनुष्य आणि बाणांचे भाते, इंद्राने वज्र आणि ऐरावताच्या गळ्यातली घंटा, ब्रह्मदेवाने कमंडलू, हिमालयाने बसायला सिंह. सगळ्यांनी आपापलं जमा केलं आणि ड्यूटी एकटीला लावली. डेपोत असंच चालतं.

आणि तिची मान कललेली आहे. समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी बसून सप्तशती म्हणत होते, ती नीट ऐकू यावी म्हणून तिने मान तिकडे वळवली, असं तिथे सांगतात. तो मार्कंडेयाचा डोंगर समोर दिसतो, आणि सप्तशती खरोखरच मार्कंडेय पुराणातली आहे. स्वतःची स्तुती ऐकायला मान कलती करणारी देवी! आणि तेही दैत्य मारून झाल्यावर, 18 हातांत शस्त्रं तशीच धरून.

खाली उतरल्यावर पारावर पोथी बांधून ठेवणारे एक वयस्क गृहस्थ बसले होते. त्यांना माझा जुना प्रश्न विचारला. ते म्हणाले, ओंकाराच्या मात्रा साडेतीन. अकार, उकार, मकार या तीन पूर्ण, आणि वरची अर्धी मात्रा. सप्तशतीच्या पहिल्याच अध्यायात ब्रह्मदेव देवीला म्हणतात, 'अर्धमात्रा स्थिता नित्या यानुच्चार्या विशेषतः'. जी अर्धी मात्रा उच्चारता येत नाही ती तू. अर्धी म्हणजे उणी नाही, तोंडात मावत नाही म्हणून अर्धी. मग हसून म्हणाले, "आमच्याकडे काही जण हेच मूळ पीठ मानतात, अर्धं म्हटलेलं त्यांना चालत नाही."

मला मात्र ते एकदम पटलं. एस.टी.त अर्ध्या तिकिटाच्या पोराला सीट पूर्ण द्यावी लागते. नवे कंडक्टर त्यावरून वाद घालतात, जुने घालत नाहीत.

परतीच्या वाटेवर नारायणगावच्या पुढे पोरगा माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, पुढच्या बॅचला मी तुमच्या गोष्टी सांगणार. म्हटलं, माझ्या नाहीत. कोल्हापूरची फुलवालीची, तुळजापूरची वैरागच्या म्हातारीची, माहूरची काकूंच्या आईची, असं सांग. आणि देवी कुठून पडली ते नको सांगूस, चौघी कशा आल्या ते सांग: एक भांडण मिटवायला डोंगरावर गेली, एक हाकेसरशी धावत आली, एक जमिनीतून वर आली, एक ऐकायला थांबली. त्याने मोबाइलमध्ये टाइप करून घेतलं. मंगळवार तुळजापूरला नको, हे ऑफिसला सांग, हेही टाइप करायला लावलं.

तर जावं का? गुडघे धड नसतील, बरोबर कुणी तरुण नसेल तर जरूर जा, गाडी आणि माणसं चांगली आहेत. फक्त बुकिंग करताना कोल्हापूरची आणि तुळजापूरची तारीख, वार स्वतः तपासा, सोलापूरला जेवण बाहेर घ्या, आणि गाडीत एखादी माहूरकडची बाई असेल तर तिला पुढच्या सीटवर बसवा.

आम्ही चैत्रात परत माहूरला जाणार आहोत, हिच्या आईच्या तिथीच्या सुमाराला. या वेळी एस.टी.ने, नांदेडमार्गे, उमरखेडला एक रात्र थांबून. मला निवृत्तांचा पास आहे, आणि मेव्हणीला मार्च 2023 पासून बायकांचं अर्धं तिकीट. खिडकी कुणाला यावरून दोघींचं आत्ताच सुरू झालंय.